बटण दाबण्याआधी शपथपत्र वाचा

दिवाळे गावातल्या आया-बहिणींनो, भावांनो आणि यंदा पहिल्यांदा मत देणाऱ्या मुला-मुलींनो,

येत्या गुरुवारी, १५ जानेवारी २०२६ला, नवी मुंबई महापालिकेसाठी मतदान आहे. जाहीर प्रचार मंगळवारी संध्याकाळी थांबेल. हातात फार दिवस नाहीत, म्हणून थेट सांगते. आपल्या प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र वाचा, त्याला किंवा तिला गावाबद्दल समोरासमोर विचारा, आणि मगच मतदान केंद्राची पायरी चढा. मी कोणत्याही पक्षासाठी लिहीत नाही. कोणाला मत द्या, हे या कागदात कुठेही सापडणार नाही.

याआधी आपण नगरसेवक निवडला तो एप्रिल २०१५मध्ये. त्या सभागृहाची मुदत मे २०२०मध्ये संपली आणि तेव्हापासून महापालिका प्रशासकाच्या हाती आहे. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेची भांडणे. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या असे बजावले आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घालून दिली. म्हणून आज आपल्या हातात मत आहे. २०१५ला जी पोरे दुसरी-तिसरीत होती ती आता मतदार झाली आहेत. त्यांनी आपल्या वॉर्डाचा नगरसेवक काम करताना नीट पाहिलेलाच नाही. त्यांना चांगल्या-वाईटाची पारख कशी करायची हे घरातून कोणी सांगितले नाही, तर ती फ्लेक्स बघून आणि रील बघून ठरवतील.

त्यात यंदा मतदानाची पद्धतच बदलली आहे. २०१५ला एका वॉर्डात एक नगरसेवक होता. आता १११ जागांचे २८ प्रभाग केले आहेत, २७ प्रभागांत चार-चार जागा आणि एकात तीन. नवी मुंबईला ही पॅनल पद्धत नवी आहे. तुम्हाला प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबायचे आहे. 'आख्खं पॅनल चालवा' हा आग्रह दारोदार सुरू आहे, आणि मला सगळ्यांत मोठी भीती याच वाक्याची वाटते. एका ओळखीच्या, कामाच्या माणसाच्या मागे तीन अनोळखी नावे सभागृहात जाऊन बसतात आणि पाच वर्षे आपण म्हणत राहतो, हा कोण, याला कुणी निवडला? पॅनल पक्षाने बनवले आहे. मत तुमचे आहे, आणि ते प्रत्येक जागेला सुटे द्यायचा अधिकार तुम्हाला आहे. एखाद्या जागेवर कोणीच पटले नाही तर 'वरीलपैकी एकही नाही' हे बटण त्यासाठीच आहे.

आता शपथपत्राबद्दल. उमेदवारावर कोणते खटले चालू आहेत, त्याला कधी शिक्षा झाली आहे का, त्याच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबून असलेल्यांच्या नावावर काय मालमत्ता आहे, कर्ज किती, शिक्षण काय, हे सगळे त्याला शपथेवर लिहून द्यावे लागते. राजकीय पक्षांनी आपणहून हे दिलेले नाही. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. तेव्हा संसदेने कायदा बदलून तो हक्क आखडता घेण्याचा प्रयत्न केला, आणि १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द केली. इतकी झुंज होऊन मिळालेला हा कागद आज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. आपल्यातले किती जण तो उघडतात?

उघडाल तेव्हा घाईने मिटू नका. खटला आहे एवढ्यावरून कोणाला मोडीत काढू नका. खटला कसला आहे ते वाचा. आपल्या जमिनींवर शहर वसवणाऱ्या सिडकोविरुद्धच्या आंदोलनात, मोर्च्यात, रास्ता रोकोत गुन्हे अंगावर घेतलेली माणसे आपल्या गावागावांत आहेत. १९८४च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे लोक उभे राहिले, गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले, त्यांच्यामुळेच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. अशा माणसावरचा गुन्हा आणि खंडणीचा, फसवणुकीचा, बाईवर हात टाकल्याचा गुन्हा यांना एका मापाने मोजू नका. खटल्याचे कलम लिहिलेले असते. घरातल्या शिकलेल्या मुलीला विचारा, ती दोन मिनिटांत सांगेल.

जे आधी निवडून आले होते त्यांचे २०१५चे शपथपत्र मिळाले तर तेही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. तेव्हाची मालमत्ता आणि आताची. वाढ झाली म्हणून माणूस चोर ठरत नाही, जमिनीचे भाव वाढलेले आपणही पाहतो. पण वाढ कशाने झाली हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. जो उमेदवार शांतपणे उत्तर देईल त्याचे ऐका. जो चिडेल त्याचे चिडणेही लक्षात ठेवा.

अडचण अशी की साडेपाच वर्षे सभागृहच नव्हते. मग काम कशावरून तपासायचे? माझ्या मते ही तपासणी उलट सोपी झाली आहे. पद नसताना कोण गावासाठी धावले ते पाहा. २०२२मध्ये महापालिकेने शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. गावठाण, कोळीवाडा, होड्या लावायची आणि जाळी वाळवायची जागा यांचे पुढच्या वीस वर्षांचे भवितव्य त्या नकाशावर ठरते. दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला विचारा: तुम्ही हरकत घेतली होती का? घेतली असेल तर शिक्का मारलेली पोहोच दाखवा. ज्याने खरेच अर्ज दिला त्याच्या कपाटात तो कागद असतोच. गावाचा कैवारी म्हणवून घेणाऱ्याकडे असा एकही कागद नसेल, तर त्याचा कैवार फ्लेक्सपुरता आहे असे समजा.

दुसरा प्रश्न घरांचा. गरजेपोटी बांधलेल्या घरांबद्दल शासनाने २५ फेब्रुवारी २०२२ला निर्णय काढला. गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची बांधकामे नियमित करायची असे त्यात होते. पुढे त्यात बदलही झाले. तरी आपल्यातल्या कित्येक घरांत आजही भिंत उभी आहे आणि तिच्या मालकीचा पक्का कागद नाही. 'घरे नियमित करू' हे वाक्य प्रत्येक पत्रकात आहे. त्यावर थांबू नका. विचारा: हद्द कोण ठरवणार, मोजणी कधी, कागद भाडेपट्ट्याचा मिळणार की मालकीचा, आणि यात महापालिकेच्या हातात नेमके किती? शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की बरेचसे सिडकोच्या आणि राज्य सरकारच्या हातात आहे. जो हे कबूल करून 'मी एवढे करू शकतो' असे सांगेल तो निदान खरे बोलतो आहे. सगळेच करून देतो म्हणणाऱ्याने शासन निर्णय वाचलेला नाही, किंवा वाचून तो आपल्याला फसवतो आहे.

तिसरा प्रश्न खाडीचा, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. न्यायालयाने दिलेला निकाल जमिनीवर उतरतो की नाही हे बरेचदा आपण निवडलेल्या माणसावर ठरते. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलामुळे मासेमारी बुडाली म्हणून वाशीच्या मरिआई मच्छीमार संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. २०२१मध्ये न्यायालयाने मच्छीमारांच्या बाजूने कौल दिला, भरपाई द्यायला सांगितली. त्याआधी सप्टेंबर २०१८मध्ये त्याच न्यायालयाने कांदळवन तोडणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाव आहे असे म्हटले होते. निकाल असे असूनही खाडीकाठी रात्री डेब्रिजच्या गाड्या रिकाम्या होतात, आणि कोलंबी, बोईट, निवटी कमी होत जातात. गाडीचा नंबर घेऊन तक्रार करणारा, तिचा पाठपुरावा करणारा, सभागृहात उभा राहून आयुक्तांना जाब विचारणारा नगरसेवक नसेल तर तो निकाल कोर्टाच्या दप्तरातच राहतो. म्हणून उमेदवाराला विचारा, कांदळवनाबद्दल तुमचे मत काय? त्याच्या शपथपत्रात भरणीचा, रेती-खडीचा, बांधकामाचा धंदा लिहिला असेल तर हा प्रश्न दोनदा विचारा.

निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बायांनो, हे तुम्हाला सांगते. प्रचाराला उमेदवार बाई हात जोडून उभी राहते आणि सगळे बोलणे तिचा नवरा, दीर किंवा सासरा करतो, असे दिसले तर त्यांना थांबवा. म्हणा, ताईंना बोलू दे. नळाला पाणी किती वाजता येते, बाजारात मासळी विकायला बसणाऱ्या बाईला शौचालय कुठे आहे, हे तिच्या तोंडून ऐका. तिला उत्तर येत नसले तरी ती विचार करून बोलते का ते कळेल. उद्या ठरावाच्या बाजूने किंवा विरुद्ध हात तिने वर करायचा आहे. साडेपाच हजार कोटींहून मोठे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या सभागृहात तिचा हात दुसऱ्याने धरून चालणार नाही.

गावकीबद्दलही बोलायला हवे. आपल्या गावांत गावकीची बैठक बसते आणि अमुकाला मत द्यायचे असे ठरते. एकीमुळेच आपली गावे टिकली, हे मला मान्य आहे, आणि गावकीचा मान मी राखते. म्हणूनच गावकीच्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगते: ठरवायचेच असेल तर आधी सगळ्या उमेदवारांना एका मंडपात बोलवा, त्यांची शपथपत्रे मोठ्याने वाचा, बायकांना आणि तरुणांना प्रश्न विचारू द्या. त्यानंतर प्रत्येकाला आपल्या मनाने मत देऊ द्या. मतावरून कोणाशी बोलणे तोडणे, कोणाच्या लग्नकार्यावर बहिष्कार घालणे हा महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि गावाला तो शोभतही नाही.

यंदा मतदानाच्या आदल्याच दिवशी संक्रांत आहे. हळदीकुंकवाची आमंत्रणे येतील, वाणात भांडी येतील, साड्या येतील, पाकिटेही येतील. मतासाठी देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. ज्या घरात चूल जेमतेम पेटते त्या घरातल्या बाईला मी दोष देणार नाही. पण हजार रुपये पाच वर्षांवर वाटून बघा, दिवसाला एक रुपयाही पडत नाही.

'माझ्या एका मताने काय होतं' असे म्हणणाऱ्यांना एकच आकडा सांगते. नोव्हेंबर २०२४मध्ये आपल्या बेलापूर विधानसभा मतदारसंघाचा निकाल ३७७ मतांनी लागला. प्रभागात तर त्याहूनही कमी मतांनी माणूस निवडून येऊ शकतो किंवा पडू शकतो.

एक काम आजच सुरू करा. प्रत्येक आळीतल्या एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने आपल्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रे मोबाईलवर उतरवून घ्यावीत, त्यांच्या छापील प्रती काढाव्यात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ओट्यावर बसून वाचून दाखवाव्यात. सगळ्यांची दाखवावीत, आपल्या आवडत्या उमेदवाराचीही. वाचताना स्वतःचे मत घालू नये, जे लिहिले आहे तेवढेच वाचावे. हे काम मंगळवारपर्यंत झालेच पाहिजे.

मतदान गुरुवारी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. पहाटे खाडीत जाणाऱ्यांनी परतीची वेळ त्याप्रमाणे धरावी, बाजारात बसणाऱ्या बायकांनी आळीपाळीने जावे, म्हाताऱ्यांना धरून न्यावे. ओळखपत्र सोबत घ्या, प्रत्येक जागेचे बटण वेगळा विचार करून दाबा, आणि घरातले एकही मत मागे ठेवू नका.