पायपिटीचा हिशेब

भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जातो. तो पायी चालणाऱ्यांचाही जिल्हा आहे, याची नोंद मात्र कोठे होत नाही. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचण्यासाठी, मे महिन्यात तेंदूपानांसाठी, पावसाळ्यात रोवणीसाठी आणि सरपणासाठी बाराही महिने येथील कष्टकरी, विशेषतः स्त्रिया, चालत असतात. जंगलालगतच्या गावांत या वाटेवर वाघा-अस्वलाचे भयही सोबतीला असते.

अर्थशास्त्राने या चालण्याची दखल घेतलेली नाही. तेंदूपानांचा मोबदला पुडक्यांवर मिळतो, रोवणीची मजुरी दिवसावर वा एकरावर ठरते. जंगलापर्यंतची वाट आणि ओझे घेऊन परतीची वाट हा सारा खर्च मजुराच्या पायांवर पडतो. वस्तुतः हा उत्पादनखर्चच आहे. तो किमतीत धरला जात नाही, म्हणूनच माल स्वस्त पडतो.

हा प्रश्न केवळ आपला नाही. १९८०च्या दशकात टांझानियातील माकेटे जिल्ह्यात ग्रामीण वाहतुकीची पाहणी झाली. तेथील वाहतुकीचा मोठा भाग मोटारीतून नव्हे, स्त्रियांच्या डोक्यावरून होतो, असे तीत दिसून आले. आपल्याकडे देशव्यापी वेळ-वापर पाहणी २०१९ साली झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे त्यात घालवतात, असे तिने दाखवले. सरपण-पाणी आणण्याचा वेळ या आकड्यात नाही. तो वेगळ्या सदरात मोजला जातो.

रस्ते झाले, दुचाक्या आल्या, मग पायपीट उरली कोठे, असे कोणी विचारील. डांबरी सडक गावापर्यंत येते. बांधीपर्यंत आणि जंगलापर्यंत पांदणच असते, आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. दुचाकी बहुधा घरातील पुरुषाच्या हाती असते. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे वैनगंगेचे पाणी अडले तेव्हा जमिनींबरोबर जुन्या वाटाही बुडाल्या. मोबदल्याच्या कागदावर जमीन, घर, झाड यांना रकाने असतात. वाढलेल्या अंतराला रकाना नसतो.

अंतराला किंमत असते, हे तत्त्व या देशाला अपरिचित नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने काम गावापासून ५ किलोमीटरच्या पलीकडे दिल्यास १० टक्के अधिक मजुरी देण्याची तरतूद केली होती. तेच तत्त्व इतरत्र का लागू होऊ नये? आरोग्य उपकेंद्राचा निकष ५,००० लोकसंख्येचा, आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० चा आहे. विरळ वस्तीच्या गावांवर या निकषाने अन्याय होतो, कारण लोक जितके थोडे, तितके केंद्र दूर. प्रसूतीच्या वेदना सोसणाऱ्या स्त्रीला लोकसंख्येचा नव्हे, अंतराचा निकष हवा.

तेव्हा मागणी साधी आहे. उपकेंद्र, शिधादुकान आणि धानखरेदी केंद्र अंतर मोजून द्यावे. पांदण रस्ते व नाल्यांवरील रपटे यांना सडकेइतकेच अग्रक्रमाचे स्थान द्यावे. तेंदूपानांचा दर ठरवताना चालण्याचा वेळ श्रम म्हणून धरावा. ज्या श्रमांची मोजदाद होत नाही, त्यांचे दाम कधीच मिळत नाहीत. नियोजनाचा आरंभ या मोजदादीपासून झाला पाहिजे.