मूल्यांकनाचे सॉफ्टवेअर: स्वस्त कशाला म्हणावे?

घर घेणाऱ्या कुटुंबाला बँक किती कर्ज देणार, याचा निकाल बऱ्याच अंशी व्हॅल्युअरच्या, म्हणजेच मूल्यांकनकाराच्या, अहवालातील एका आकड्यावर लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढचे ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. साठ लाखांना ठरलेल्या सदनिकेचे मूल्य अहवालात ५५ लाख आले, तर कर्जाची मर्यादा ४८ लाखांवरून ४४ लाखांवर येते. उरलेले चार लाख त्या कुटुंबाला अन्यत्र शोधावे लागतात. हा आकडा ज्या साधनांच्या आधारे काढला जातो, त्यांची निवड ही म्हणूनच केवळ एका व्यवसायाची अंतर्गत बाब राहत नाही.

गोव्यात या अहवालांना आणखी एक निमित्त मिळाले आहे. २३ जुलै २०२४ पासून स्थावर मालमत्तेच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाच्या लाभाविना १२.५ टक्के कर लागू झाला. त्यापूर्वी घेतलेल्या जमीन व इमारतींसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय ठेवण्यात आला. परदेशस्थ गोमंतकीयांना तो उपलब्ध नाही. मात्र २००१ पूर्वीच्या वडिलोपार्जित घरासाठी १ एप्रिल २००१ रोजीचे वाजवी बाजारमूल्य दोन्ही हिशेबांत महत्त्वाचे ठरते. त्यासाठी पंचवीस वर्षांपूर्वीच्या व्यवहारांचा माग काढू शकणारा मूल्यांकनकार लागतो.

म्हापसा, फोंडा किंवा मडगावातील एखाददुसऱ्या सहायकाच्या भरवशावर चालणाऱ्या कार्यालयासाठी सॉफ्टवेअरचा पहिला प्रश्न अर्थातच किमतीचा असतो. उदाहरणादाखल हिशेब मांडता येईल. महिन्याला १,५०० रुपये वर्गणी असेल तर वर्षाला १८,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास २१,२४० रुपये. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने ज्याने जीएसटी नोंदणी केलेली नाही, त्याला हा कर वळता करून घेता येत नाही. तो सरळ खर्चात जातो. महिन्याला दहा अहवाल असतील तर प्रत्येकामागे १७७ रुपये पडतात. काम मंदावून सरासरी चारवर आली, तर तोच खर्च ४४२ रुपयांवर जातो. काम अनियमित असलेल्या नवोदिताने वार्षिक करारापेक्षा अहवालागणिक आकारणीचा पर्याय आधी तपासावा, असे हा हिशेब सांगतो.

परंतु वर्गणी हा खर्चाचा केवळ दिसणारा भाग आहे. न दिसणारा भाग वेळेचा असतो आणि त्याचे मूळ नमुन्यांच्या विविधतेत आहे. अमेरिकेत फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्ज क्षेत्रातील संस्थांनी निवासी मूल्यांकनाचे एकसमान नमुने रूढ केले आहेत. त्यांच्या नव्या रचनेच्या सक्तीसाठी २ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. तेथील सॉफ्टवेअर या एका साच्याभोवती उभे राहते आणि ग्राहकाला दोन उत्पादनांची तुलना करता येते. भारतात राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांनी २०११ मध्ये मूल्यांकनाची धोरणे व कार्यपद्धती सांगणारी पुस्तिका संयुक्तपणे काढली. तरी व्यवहारात बँकेगणिक नमुना बदलतो. चार बँकांच्या यादीवर असलेल्या मूल्यांकनकाराला तीच जागा, तेच मोजमाप आणि तीच छायाचित्रे चार तऱ्हांनी मांडावी लागतात. एकदा भरलेली माहिती हव्या त्या नमुन्यात उतरवून देणारे सॉफ्टवेअर थोडे महाग असूनही परवडते. ज्यात प्रत्येक नमुन्यासाठी तीच माहिती पुन्हा टंकावी लागते, ते फुकट मिळाले तरी महागच.

दुसरी कसोटी गोव्याच्या जमिनीची. शेजारच्या व्यवहारांवरून आपोआप दर सुचविणारी प्रणाली पर्वरीतील एकसारख्या सदनिकांच्या संकुलात उपयोगी पडू शकते. हळदोणे किंवा लोटली येथील जुन्या घराबाबत तिच्यावर विसंबता येत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यात कुळाचे नाव आहे काय, घरात मुंडकार राहतो काय, जमीन कोमुनिदादची आहे काय, रूपांतरणाची सनद मिळाली आहे काय आणि भूखंड किनारपट्टी नियमन क्षेत्रात येतो काय, या प्रत्येक उत्तराने मूल्य बदलते. त्यातच नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आणि २०२४ मध्ये कलम ३९अ आल्यानंतर भूवापर बदलाचा प्रश्न वादाचा व न्यायालयीन लढ्याचा विषय झाला. अशा स्थितीत एकाच वाड्यावरील दोन भूखंडांचे दर सारखे धरणे धोक्याचे ठरते. या नोंदींसाठी स्वतंत्र रकाने करण्याची सोय नसलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या शहरात कितीही नावाजलेले असो, गोव्यात ते अपुरे पडते.

तिसरी कसोटी उत्तरदायित्वाची. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांतील आचारसंहिता नोंदणीकृत मूल्यांकनकाराला प्रत्येक निर्णयाची कारणे व पुरावे त्या-त्या वेळी लेखी नोंदविण्यास आणि कामाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपण्यास सांगते. गृहकर्जाची मुदत तर वीस-वीस वर्षांची असते. कर्ज थकले किंवा वारसांत वाद उद्भवला की जुना अहवाल पुन्हा बाहेर येतो आणि हा दर कशावरून धरला, असा प्रश्न विचारला जातो. वर्गणी थांबताच जुन्या फायली बंद करणारी प्रणाली अशा वेळी मूल्यांकनकाराला निरुत्तर करते. खरेदीपूर्वीच दोन गोष्टी लेखी मिळवायला हव्यात: सर्व माहिती सर्वसामान्य स्वरूपात बाहेर काढता येईल आणि करार संपल्यावर ती किती दिवस उपलब्ध राहील. या फायलींत खरेदीखते, ओळखपत्रांच्या प्रती आणि लोकांच्या घरांच्या आतील छायाचित्रे असतात. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा लक्षात घेता, ती कोठे साठविली जातात आणि कोणाला दिसतात, हेही विचारलेच पाहिजे.

नुकताच व्यवसायात आलेला मूल्यांकनकार फारसा खर्च न करताही नीटनेटके काम उभे करू शकतो. लिबरऑफिसमध्ये हिशेबाचे तक्ते आणि अहवालाचे साचे बनतात. क्यूजीआयएसमध्ये स्वतः तपासलेले व्यवहार नकाशावर मांडता येतात. गूगल अर्थ प्रोमधील जुन्या उपग्रहप्रतिमांवरून अमुक साली त्या जागी इमारत होती की नव्हती, याचा अंदाज घेता येतो. ही तिन्ही साधने विनामूल्य आहेत. त्यांची किंमत शिस्तीत मोजावी लागते: फायलींना ठरावीक पद्धतीने नावे देणे, दररोज दुसरी प्रत ठेवणे आणि प्रत्येक दरामागचा दस्त नोंदविणे. महिन्याचे अहवाल वाढून ही शिस्त पाळणे कठीण होऊ लागले, की सशुल्क सॉफ्टवेअरची वेळ आली असे समजावे. चाचणीच्या काळात स्वतःचेच तीन जुने अहवाल, एक सदनिका, एक जुने घर आणि एक मोकळा भूखंड, त्यात पुन्हा तयार करून पाहिले तर जाहिरातीतील दावे आणि प्रत्यक्ष सोय यांतील अंतर कळते.

तथापि साराच भार एकेकट्या व्यावसायिकावर टाकणे योग्य नव्हे. राज्यात कर्जे देणाऱ्या बँका, सहकारी पतसंस्था आणि मूल्यांकनकारांच्या संघटना यांनी निवासी अहवालासाठी किमान एक समान गाभा मान्य केला, तर छोट्या कार्यालयांचा वेळ वाचेल आणि सॉफ्टवेअरची निवडही सोपी होईल. त्याचा लाभ अखेरीस कर्जदारालाच मिळेल. आज अहवालाचे शुल्क बहुधा तोच भरतो. पण आपल्या घराचा आकडा कशावरून ठरला, हे त्याला क्वचितच कळते. तो आकडा कसा निघाला हे कर्जदाराला समजेल अशा भाषेत दाखवू शकणारे साधन निवडले गेले, तर त्यावरील खर्च सार्थकी लागेल.