भिंतीवरची एकबारी बंदूक : जुनी म्हणून निरुपद्रवी?

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची बंदूक ही शस्त्र समजावी की पुराणवस्तू? वरवर पाहता हा प्रश्न वस्तुसंग्रहालयवाल्यांचा वाटतो. पण निरनिराळ्या देशांच्या सरकारांना त्याचे उत्तर कायद्यात लिहावे लागले आहे, आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या बेटावरील कितीतरी घरांतील मुलेमुली आज ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. भारताशीही आपले जाणे-येणे आहे. तेथील जुन्या बाजारातून दिवाणखान्याच्या भिंतीसाठी एखादी जुनी रायफल हौसेने घेणारा आपल्यातलाही कोणी असू शकेल. म्हणून हा विषय समजून घेणे बरे.

एकबारी बंदूक म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरायचे, बार काढायचा, रिकामे टरफल बाहेर काढून पुन्हा दुसरे भरायचे. त्याआधीची बंदूक ठासणीची. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. ब्रिटिश लष्कराने १८६६ साली जेकब स्नायडर या अमेरिकनाची युक्ती स्वीकारली. जुन्या ठासणीच्या एनफील्ड रायफलींची नळी मागच्या बाजूने कापून तेथे उजवीकडे उघडणारा बिजागरीचा ठोकळा बसवला. पुढे १८७१ साली मार्टिनी-हेन्री आली. तिच्यात दस्त्याखालचा दांडा खाली ओढला की आतला ठोकळा खाली झुकतो आणि काडतूस भरण्याची वाट मोकळी होते. ठोकळ्याची रचना स्वित्झर्लंडमधील मार्टिनी यांची, तर नळीतील सात आटे एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्री यांचे. ब्रिटिश साम्राज्य जेथे जेथे गेले, तेथे तेथे या दोन बंदुका गेल्या.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे जुनी बंदूक केवळ शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवल्यास परवाना लागत नाही. मात्र 'जुनी' म्हणजे काय, हे त्या कायद्यात नीट सांगितलेले नव्हते. ही फट गुन्हेगारांनी हेरली. २०१७ साली बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला ३० वर्षांची कैद ठोठावली. जुनी पिस्तुले आणि त्यांना बसतील अशी घरी बनवलेली काडतुसे तो पुरवीत असे. त्याची काडतुसे शंभराहून अधिक गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडली, असे पोलिसांनी सांगितले. २२ मार्च २०२१ पासून तेथे नवे नियम लागू झाले. बंदूक १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची हवी, आणि तिचे काडतूस सरकारी यादीत 'कालबाह्य' म्हणून नोंदलेले हवे. त्याच वेळी सात प्रकारची काडतुसे यादीतून वगळली गेली. ती सगळी रिव्हॉल्व्हरची होती. ज्यांच्याकडे अशी शस्त्रे होती त्यांना परवाना काढण्यासाठी किंवा शस्त्र देऊन टाकण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री यांची काडतुसे मात्र यादीत कायम राहिली. लांबलचक, एकबारी रायफल गुन्हेगाराच्या फारशी उपयोगाची नसते, हे त्यामागील साधे व्यवहारज्ञान.

अमेरिकेची कसोटी निराळी. तेथील १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ अखेरपर्यंत बनलेली बंदूक ही पुराणवस्तू. तिचे काडतूस दुकानात मिळते की नाही, हे केंद्रीय कायदा विचारीत नाही. १८७३ साली अमेरिकन लष्कराने घेतलेल्या एकबारी स्प्रिंगफील्डचे .४५-७० हे काडतूस आजही तेथे सर्रास विकले जाते. तरीही ती बंदूक पुराणवस्तूच.

भारताची कसोटी तिसरीच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या धाटणीच्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तरच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेली बंदूकही या मोजणीतून सुटत नाही.

म्हणजे अमेरिका वय पाहते, ब्रिटन काडतूस आणि हेतू पाहतो, भारत कार्यक्षमता पाहतो. यांत शहाणपणाचे कोणते? माझ्या मते ब्रिटनचे. केवळ वय पाहणे भोळेपणाचे आहे. पोलादाला म्हातारपण माणसासारखे येत नाही. दीडशे वर्षांची बंदूक नीट जपली असेल तर आजही जीव घेऊ शकते. उलट केवळ कार्यक्षमता पाहिली, तर कागदपत्रांच्या कटकटीतून सुटण्यासाठी माणूस आजोबांची चांगली बंदूक कापून निकामी करतो, आणि इतिहासाचा एक पुरावा नष्ट होतो. काडतूस आणि हेतू पाहणारा कायदा या दोहोंच्या मधला मार्ग काढतो. त्यात एक अडचण आहे. आज कालबाह्य असलेले काडतूस उद्या कोणी बनवू लागला, तर यादी बदलावी लागते, आणि प्रामाणिक संग्राहकाला पुन्हा धावपळ करावी लागते. पण सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एवढी तोशीस सोसायला हरकत नसावी.

कायदा कोणताही असो, तो लागू करण्याआधी बंदूक ओळखावी लागते, आणि येथेच भलेभले फसतात. मार्टिनी-हेन्रीच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाची 'व्ही. आर.' ही अक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि रोमन आकड्यात नमुना क्रमांक असतो. पण नुसत्या छापावर विसंबू नये. सरहद्द प्रांतात, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, हाताने बनवलेल्या हुबेहूब नकला पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या. इंग्रजी न वाचणाऱ्या कारागिराने 'एनफील्ड' या शब्दातील 'एन' अक्षर उलटे कोरलेले असते. कधी राणीची अक्षरे असतात, पण साल असते तिच्या निधनानंतरचे, म्हणजे १९०१ च्या पुढचे! अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी पुरातन म्हणून घरी नेलेल्या बंदुकांपैकी कित्येक अशाच निघाल्या.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. १८९० च्या दशकात त्याच मार्टिनी रचनेवर .३०३ काडतुसाच्या मार्टिनी-एनफील्ड रायफली तयार झाल्या. बाहेरून दोन्ही बहिणी-बहिणी. पण .३०३ हे काडतूस आजही वापरात आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये पहिली शोभेची वस्तू आणि दुसरी परवान्याचे शस्त्र ठरते. तिसरे उदाहरण नेपाळचे. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यातील शस्त्रसाठा परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात ५० हजारांहून अधिक शस्त्रे होती. त्यांतील नेपाळी बनावटीची गहेंद्र रायफल दिसायला मार्टिनीसारखी, पण आतून वेगळी आणि हाताने घडवलेली. तिच्यातून बार काढू नये, असेच जाणकार सांगतात.

ओळखण्याच्या या विद्येतून आपल्या पूर्वजांच्या काळाचा इतिहासही उलगडतो. १८५७ नंतर हिंदी शिपायांसाठी एनफील्डसारखीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक मुद्दाम बनवण्यात आली. आटे नसल्यामुळे तिचा नेम दूरवर लागत नसे. १८८० साली कंदाहारजवळ मैवंदच्या लढाईत गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री होती, आणि तिच्या शेजारी लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या हिंदी पलटणींच्या हाती जुनी स्नायडर. शिपायाला नेहमी एक पिढी मागचे हत्यार द्यायचे, हे सरकारचे धोरणच होते. त्याआधी दोनच वर्षे, १८७८ साली, हिंदुस्थानातील प्रजेला परवान्याशिवाय शस्त्र ठेवण्याची बंदी करणारा कायदा झाला होता. गोऱ्यांना त्यातून सूट होती. तेव्हा एखाद्या जुन्या बंदुकीच्या नळीत आटे आहेत की नाहीत, एवढ्या एका गोष्टीवरून राज्यकर्त्यांचा आपल्या शिपायावर किती विश्वास होता ते कळते. अशी वस्तू भट्टीत जाता कामा नये.

राहिला प्रश्न अशा बंदुकीतून बार काढण्याचा. परदेशांत परवाना घेऊन, मान्यताप्राप्त मैदानावर हा छंद करणारे लोक आहेत. ब्रिटनमध्ये तर शोभेची बंदूक बार काढण्यासाठी वापरायची म्हटली की ती लगेच परवान्याच्या कक्षेत येते. हे लोक आधी जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासणी करून घेतात. ठोकळा घट्ट बसतो का, नळीला तडा किंवा फुगवटा आहे का, हे पाहिले जाते. काडतूस बसते त्या जागेचा ओतीव ठसा घेऊन मापे काढली जातात, कारण कागदावरचे माप आणि जुन्या नळीचे खरे माप सारखेच असेल असे नाही. मग मऊ शिशाची गोळी आणि काळी बंदुकीची दारूच वापरतात. मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे. तिच्या जागी आजची बिनधुराची दारू अंदाजाने भरली, तर दाब इतका वाढू शकतो की ठोकळा किंवा नळी फुटून चालवणाऱ्याच्याच तोंडावर येते. बार झाल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे लागते. काळ्या दारूची राख हवेतील ओलावा ओढून घेते. आपल्या खाऱ्या हवेत तर असे पोलाद गंजायला फार दिवस लागणार नाहीत.

वाचकहो, आपल्या बेटाला शिकारीची बंदूक नवी नाही; डचांनी आणलेल्या हरणांची शिकार येथे आजही होते. पण माळ्यावर सापडलेली जुनी बंदूक ही वेगळी गोष्ट आहे. ती रिकामी आहे असे कधीही गृहीत धरू नका. मुलांना हात लावू देऊ नका, घासूनपुसून तिचे छाप नाहीसे करू नका, आणि 'जुनीच तर आहे' म्हणून प्रवासाच्या सामानात घालू नका. आधी पोलिसांना कळवा. आपल्या २००६ च्या फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे पुढे काय करायचे ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. नंतर जाणकाराकडून तिची ओळख पटवून घ्या. जी वस्तू काय आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, ती धड जपताही येत नाही आणि धड टाकताही येत नाही.