ट्रेलरची राखण आणि जीपीएस उपकरण

गेल्या काही दशकांत शेतकऱ्याच्या दारातील बैलगाडीची जागा बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने ओढावयाच्या ट्रेलरने घेतली आहे. शेणखत शेतावर नेणे, ऊस कारखान्यावर पोहोचविणे, कांदा बाजार समितीत नेणे, मुरूम व विटा वाहणे ही सारी कामे ट्रेलरवाचून अडतात. ज्याच्यापाशी ट्रेलर आहे तो स्वतःच्या शेतीबरोबर इतरांची वाहतूकही करतो, आणि पुष्कळ कुटुंबांचे वर्षाचे गणित या भाड्यावर बसते. असे असूनही ट्रेलर गोठ्यामागे, गावठाणाच्या कडेला किंवा रस्त्यालगतच्या पडीक जागेत उघडा उभा असतो. तो नेण्याकरिता चोरास कुलूप फोडावे लागत नाही की इंजिन सुरू करावे लागत नाही. दुसरा ट्रॅक्टर आणून हुकात पिन अडकविली की काम झाले.

या चोरीस आळा घालण्याकरिता जीपीएस उपकरण बसवावे, असा सल्ला अलीकडे सर्वत्र दिला जातो. भाड्याने चालणाऱ्या ट्रेलरवर हे उपकरण बसविणे इष्ट आहे, असे माझेही मत आहे. तथापि ते एकदा विकत घेऊन विसरून जाण्याची वस्तू नव्हे. गटाने अथवा संस्थेने मिळून चालवावयाची ती राखणीची व्यवस्था आहे, असे मानले तरच त्यावरील खर्च सार्थकी लागेल.

नुकसान केवळ लोखंडाचे नाही

ट्रेलर चोरीस गेल्यावर त्याची किंमत बुडते हे उघड आहे. परंतु नुकसान तेथे थांबत नाही. ट्रेलर बहुधा कर्जावर घेतलेला असतो, व तो नाहीसा झाला म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. ऊसवाहतूक करणाऱ्याने हंगामापूर्वी तोडणी टोळीच्या मुकादमास उचल दिलेली असते. ऐन गाळपाच्या तोंडावर ट्रेलर नसेल तर ट्रॅक्टर बसून राहतो, टोळीला काम मिळत नाही आणि उचलीची रक्कम अडकते. अवजारे बँक चालविणाऱ्या गटाचा ट्रेलर गेला, तर सभासदांमध्ये एकमेकांविषयी संशय उत्पन्न होतो. वस्तू गेल्याचे दुःख कालांतराने ओसरते, परंतु गटात पडलेली फूट लवकर सांधत नाही.

विम्याविषयीही येथे सांगणे अगत्याचे आहे. केवळ त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा असेल, तर चोरीची भरपाई त्यातून मिळत नाही. त्याकरिता स्वतःच्या वाहनाची जोखीम घेणारा विमा असावा लागतो, व त्यात ट्रेलरचा स्वतंत्र उल्लेख असल्याची खातरजमा करून घ्यावी लागते.

जुना माग व नवा माग

चोरीचा माग काढणे ही आपल्या गावगाड्यातील जुनी विद्या आहे. पूर्वी चोरी झाली की गावचा जागल्या पावलांचे ठसे पाहत शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गावात शिरला, तर पुढील शोधाची जबाबदारी त्या गावावर येई. या रीतीचे बळ ठसा ओळखण्याच्या कौशल्यात होते, तितकेच माग चालू असताना उठून निघण्यास माणसे बांधलेली होती यातही होते. डांबरी रस्त्यावर आता ठसा उमटत नाही. तो उमटविण्याचे काम नवे उपकरण करते. पण उठून निघणारी माणसे उपकरण पुरवीत नाही. ती गावानेच पुरवावयाची आहेत.

उपकरणाचे कार्य समजण्यास कठीण नाही. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह अचूक वेळेचे संदेश अखंड पाठवीत असतात. उपकरण निदान चार उपग्रहांचे संदेश घेऊन, ते पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून आपले स्थान ठरविते. आकाश मोकळे असेल तर हे स्थान काही मीटरच्या फरकाने बरोबर निघते. ही प्रणाली अमेरिकेची आहे. भारतानेही ‘नाविक’ ही स्वतःची प्रणाली उभारली असून, तिचा पहिला उपग्रह २०१३ साली सोडण्यात आला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह आपला ट्रेलर पाहत नसतो. उपकरणास फक्त स्वतःचे ठिकाण कळते. ते मालकास कळविण्याचे काम उपकरणातील सिम कार्ड मोबाइलच्या जाळ्यातून करते. सबब ज्या शिवारात मोबाइलला रेंज नाही तेथून संदेश तत्काळ येणार नाही. चांगली उपकरणे अशा वेळी स्थाने साठवून ठेवतात व रेंज मिळताच पाठवितात. खरेदीपूर्वी ही सोय आहे किंवा नाही हे विचारून घ्यावे.

ट्रेलर व ट्रॅक्टर यांतील भेद

ट्रॅक्टरवर उपकरण आहे म्हणून ट्रेलर सुरक्षित आहे, असे समजणे भ्रमाचे होय. चोर आपला ट्रॅक्टर घेऊन येतो. सबब उपकरण ट्रेलरवरच हवे. ट्रॅक्टरवरील उपकरणास त्याच्या बॅटरीतून वीज मिळते. सुट्या ट्रेलरला मात्र स्वतःची वीज नसते. त्यामुळे ट्रेलरसाठी अंतर्गत बॅटरीचे किंवा छोट्या सौरपट्टीवर चालणारे उपकरण निवडावे लागते.

बॅटरी किती दिवस पुरेल, हे उपकरण किती वेळा संदेश पाठविते यावर अवलंबून आहे. दर मिनिटास संदेश पाठविल्यास दिवसाचे १,४४० संदेश होतात, व बॅटरी लवकर संपते. दर १२ तासांनी पाठविल्यास दिवसाचे दोनच होतात व बॅटरी दीर्घकाळ टिकते. म्हणून दुसरा प्रकार स्वस्तात पडतो असे वाटेल. परंतु हिशेब करून पाहावा. ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला, तर १२ तासांत तो २४० किलोमीटर दूर जाऊ शकतो. कोल्हापूरहून कर्नाटकातील निपाणी सुमारे ४० किलोमीटर आहे. ते अंतर दोन तासांत तुटते. सकाळच्या संदेशाची वाट पाहणाऱ्यास तोवर परराज्याची हद्द लागलेली असेल. यास्तव उभे असताना झोपणारे, पण हालचाल होताच जागे होऊन लगेच इशारा देणारे व पुढे मिनिटामिनिटास ठिकाण कळविणारे उपकरणच घ्यावे. नेहमीच्या जागेभोवती नकाशावर सीमा आखून, ती ओलांडताच इशारा मिळण्याची सोयही बहुतेक उपकरणांत असते. तीही सुरू करून घ्यावी.

उपकरण बसविण्याच्या जागेचाही विचार हवा. हौद्याचा लोखंडी पत्रा उपग्रहाचे संदेश अडवितो. उपकरण पत्र्याखाली खोल दडविले तर ते चोरास दिसत नाही, परंतु त्यालाही आकाश दिसत नाही. उसाच्या मोळ्या, चिखल व पाणी यांपासून सुरक्षित, पण एका बाजूने तरी मोकळी अशी जागा शोधावी. ती जागा मोजक्या लोकांनाच ठाऊक असावी. बसविल्याची वार्ता चावडीवर सांगू नये.

विसाव्याचा काळ धोक्याचा

उसाचा हंगाम संपला की कित्येक ट्रेलर पुढील गाळपापर्यंत महिनोन् महिने उभे राहतात. याच काळात त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते, आणि नेमके याच काळात ‘आता काम नाही, कशाला पैसे भरावयाचे’ म्हणून सिमचे रिचार्ज थांबविले जाते. बॅटरीही उतरून जाते. मग पीक उभे असताना राखण ठेवावी व माल खळ्यावर आला की राखणदारास घरी पाठवावे, असा प्रकार होतो. ट्रेलरचे काम थांबते तेव्हा राखणीचे काम वाढते, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. सिमचे शुल्क वर्षाचे एकदम भरावे. दर महिन्यास एक दिवस ठरवून बॅटरी, रेंज व शेवटच्या संदेशाची वेळ तपासावी व नोंदवहीत लिहावी.

येथेच गटाचा उपयोग होतो. एकट्या मालकाचा मोबाइल रात्री बंद असेल किंवा तो परगावी असेल, तर इशारा वाया जातो. गटाच्या ट्रेलरचा इशारा निदान तीन सभासदांच्या मोबाइलवर यावा व आठवड्याची पाळी ठरलेली असावी. वर्षातून एकदा, पाळीवरील सभासदास न सांगता ट्रेलर जागचा हलवून पाहावा व किती मिनिटांत विचारणा होते ते मोजावे. कागदावरील व्यवस्था आणि प्रत्यक्षातील व्यवस्था यांतील अंतर अशा परीक्षेनेच कळते. उपकरणाची किंमत काही हजार रुपयांच्या आत असते. तिचा व वार्षिक शुल्काचा खर्च भाड्याच्या दरातच धरावा, म्हणजे तो कोणा एकावर पडणार नाही.

दोन आक्षेप

कोणी म्हणतील की, चोर उपकरण काढून फेकील किंवा संदेश अडविणारे यंत्र आणील; मग खर्च कशाला? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. म्हणूनच उपकरणावर सारा भार टाकू नये. हुकाला व चाकाला मजबूत कुलूप, उजेडाची जागा आणि लोखंडात कोरलेली स्वतःची खूण ही पहिली राखण होय. चोर फाळके बदलतो, रंग बदलतो. पण चासीच्या दोन आडबाजूंना कोरलेली खूण त्यास सहसा सापडत नाही. ज्याच्यापाशी आज पैसे कमी आहेत त्याने आधी कुलूप व खूण यांवर खर्च करावा आणि नंतर उपकरण घ्यावे.

दुसरा आक्षेप चालकांचा आहे. मालक आपल्यावर पाळत ठेवतो, असे त्यांस वाटते. ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. उपकरण कशासाठी बसविले आहे व त्याची नोंद कोण पाहील, हे चालकास आरंभीच सांगावे. रात्री-अपरात्री ट्रेलर घेऊन कारखान्याच्या रांगेत थांबणारा चालक हाच मालाचा खरा राखणदार आहे. त्याचा विश्वास गमावून उपकरणाचा विश्वास मिळविणे हा तोट्याचा व्यवहार ठरेल.

कागदपत्रे व पोलिसांकडील तक्रार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रेलर हेही वाहन आहे. तथापि नोंदणी न केलेले ट्रेलर खेड्यांत आढळतात. अशा मालकास चोरीनंतर ‘तो ट्रेलर माझा’ हे सिद्ध करणेच अवघड जाते. नोंदणीपुस्तक, खरेदीची पावती, चासी क्रमांक आणि चारही बाजूंची छायाचित्रे एका ठिकाणी जपून ठेवावीत.

इशारा मिळताच ११२ या क्रमांकावर कळवावे, पोलीस पाटलांस उठवावे व नकाशावरील ठिकाण पोलिसांस द्यावे. चोराचा पाठलाग स्वतः करू नये. अंधारात एका ट्रेलरपायी माणूस गमावणे परवडणारे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते; मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. मालवाहू वाहनाच्या चोरीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘हद्द आमची नाही’ असे उत्तर मिळाल्यास या तरतुदीचा नम्रपणे उल्लेख करावा. सीमेलगतच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी तर हे कलम पाठच करून ठेवावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस विनंती

आपल्या कार्यक्षेत्रात किती ट्रेलर आहेत, त्यांपैकी किती नोंदलेले आहेत व ते रात्री कोठे उभे असतात, याची एक यादी पावसाळ्यापूर्वी तयार करावी. अवजारे बँका व शेतकरी गट यांच्या बैठकीत हा विषय घ्यावा. ज्या गटाकडे उपकरण आहे तेथे इतर गावांतील शेतकऱ्यांस नेऊन ते चालू स्थितीत दाखवावे. कोणत्याही एका कंपनीची शिफारस करू नये. हालचालीचा इशारा, साठवणुकीची सोय, बॅटरीची क्षमता आणि दुरुस्तीची हमी या चार गोष्टी कशा पारखाव्यात एवढेच शिकवावे. खरेदीचा निर्णय शेतकऱ्याचाच असावा.

आपण शेतकऱ्यास यंत्र घेण्यास सांगतो, त्यासाठी कर्ज व अनुदान मिळवून देण्यास साहाय्य करतो. घेतलेले यंत्र पुढील हंगामास त्याच्याच दारात उभे असावे, ही जबाबदारीही विस्तारकार्यात मोडते असे मला वाटते. यंदाचे गाळप आटोपून ट्रेलर घरी परतण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपली पाळी, आपले कुलूप आणि आपली नोंदवही सिद्ध ठेवावी.