यादीवरची तारीख

२०२१च्या एप्रिलमध्ये 'सिटिझन केन'चा एक टक्का गेला आणि त्याची बातमी जगभर छापून आली. 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर ऑर्सन वेल्सच्या या चित्रपटाला तोवर शंभर टक्के होते. मग 'शिकागो ट्रिब्यून'ने १९४१ साली छापलेलं एक नापसंतीचं परीक्षण जुन्या अंकांतून निघालं, संकेतस्थळावर त्याची नोंद झाली आणि आकडा नव्याण्णववर आला. त्या वेळी शंभर टक्के राखून असलेला 'पॅडिंग्टन २' हा बोलक्या अस्वलाचा चित्रपट 'केन'च्या पुढे गेल्याचे मथळे झाले. 'पॅडिंग्टन २' सुरेख आहे, मला मनापासून आवडतो. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका परीक्षणामुळे या दोन चित्रपटांबद्दल आपल्याला नवं काय कळलं?

तिथला हिशेब साधा आहे. प्रत्येक परीक्षण 'अनुकूल' किंवा 'प्रतिकूल' अशा दोनच ढिगांत पडतं आणि अनुकूल ढिगाचं प्रमाण टक्क्यांत मांडलं जातं. साठ किंवा त्याहून जास्त टक्के मिळाले की चित्रपट 'ताजा' ठरतो. दहापैकी दहा समीक्षकांना जो 'बरा' वाटला त्याला शंभर टक्के. नऊ जणांना ज्याने रात्रभर झोपू दिलं नाही आणि दहाव्याला जो सहन झाला नाही, त्याला नव्वद. किती जणांची नाराजी नाही, एवढंच हा आकडा सांगतो. चित्रपट कुणाच्या किती खोलवर गेला, ते त्यात मावत नाही. शिवाय २०१६पासून हे संकेतस्थळ 'फँडँगो' या तिकिटं विकणाऱ्या कंपनीच्या मालकीचं आहे, हेही तो आकडा वाचताना ध्यानात असावं.

हॉलिवूडच्या सर्वोत्तम दहा चित्रपटांची यादी द्या, अशी मागणी वाचकांच्या पत्रांतून वारंवार येते. मागणीत गैर काहीच नाही. यादीमुळे भांडण सुरू होतं, भांडणातून चित्रपट पाहिला जातो, आणि चित्रपट पाहिला जाणं यापरता दुसरा हेतू या स्तंभाला नाही. पण कोणत्याही यादीकडे मी आता एकाच प्रश्नाने बघतो: हे चित्रपट त्या वर्षी कुणाला, कुठे आणि किती वेळा पाहायला मिळत होते? चित्रपटाचा क्रमांक त्याच्या गुणांवर ठरतो असं आपण धरून चालतो. हॉलिवूडचा इतिहास पाहिला तर तो क्रमांक गुणांइतकाच उपलब्धतेवर ठरलेला दिसतो.

'केन'चंच बघा. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टला त्यात स्वतःची छबी दिसली. त्याच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाच्या जाहिराती नाकारल्या आणि बऱ्याच थिएटरांनी तो लावायचं टाळलं. ऑस्करची नऊ नामांकनं मिळाली, हाती एकच पुरस्कार आला, पटकथेचा. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली'. फ्रान्समध्ये 'केन' पोचला तोच युद्ध संपल्यावर, १९४६ साली. ब्रिटिश मासिक 'साइट अँड साउंड'ने १९५२ साली समीक्षकांचा पहिला कौल घेतला, तेव्हा पहिल्या दहांत 'केन' नव्हता. पुढच्या काही वर्षांत त्याची निर्मिती करणाऱ्या 'आरकेओ'चे जुने चित्रपट टीव्हीसाठी विकले गेले, १९५६ साली 'केन' अमेरिकेतल्या थिएटरांतही पुन्हा लागला, आणि नव्या दमाचे समीक्षक त्यावर भरभरून लिहू लागले. १९६२च्या कौलात तो थेट पहिला आला आणि पुढची पन्नास वर्षं तिथून हलला नाही. त्याच दशकभरात चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' दुसऱ्या क्रमांकावरून पहिल्या दहाच्या बाहेर गेला. दहा वर्षांत दोन्ही चित्रपटांच्या रिळांवरची एकही चौकट बदलली नव्हती.

२०१२ साली 'केन'ला पहिल्या जागेवरून उठवलं हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने. या चित्रपटापाशी थोडं थांबायला हवं.

१९५८ साली 'व्हर्टिगो' आला तेव्हा परीक्षणं संमिश्र होती आणि गल्लाही बेताचाच. लांबलेला, संथ, रहस्य मध्येच फोडून टाकणारा, असे आक्षेप होते. रहस्य मध्येच फुटतं हे खरंच आहे. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.) उत्तरार्धात एक वेळ अशी येते की किम नोव्हाकच्या पात्राचं गुपित प्रेक्षकाला कळतं, जेम्स स्ट्यूअर्टच्या पात्राला मात्र कळत नाही. पहिल्यांदा पाहणारा इथे हिरमुसतो, कारण तो रहस्यपट पाहायला आलेला असतो. दुसऱ्यांदा पाहताना आपल्याला गुपित पहिल्या प्रसंगापासून माहीत असतं. मग नजर स्ट्यूअर्टवरून हटून नोव्हाकवर जाते. तिची प्रत्येक चाल, प्रत्येक मौन, शहरभर तिचा पाठलाग होतानाचं तिचं ते न बघणं, सगळ्याचा अर्थ बदलतो. एका पुरुषाच्या ध्यासाची गोष्ट एका बाईच्या कोंडीची गोष्ट होते. या चित्रपटाची बांधणीच अशी आहे की तो दुसऱ्या भेटीत उघडतो. प्रदर्शनाच्या आठवड्यात, एकदाच पाहून, दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी लिहिणाऱ्या समीक्षकाला तो कसा सापडणार? त्या समीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे चित्रपट होता, दुसरी भेट नव्हती.

पुढे गंमत अशी झाली की 'व्हर्टिगो'सह पाच चित्रपटांचे हक्क हिचकॉककडे होते आणि १९७०च्या दशकात ते वितरणातून बाहेर गेले. जवळपास दहा वर्षं 'व्हर्टिगो' रीतसर कुठेच लागत नव्हता. आणि नेमका त्याच काळात, १९८२च्या कौलात, तो पहिल्यांदा पहिल्या दहांत आला! उपलब्धतेचा माझा मुद्दा इथे अडखळतो, हे मान्य. पण त्या दहा वर्षांत फ्रेंच समीक्षकांनी आणि त्यांच्या अमेरिकी वाचकांनी हिचकॉकवर इतकं लिहिलं होतं की न दिसणाऱ्या चित्रपटाची ओढ वाढतच गेली. हिचकॉक १९८० साली वारला, १९८३मध्ये चित्रपट पुन्हा थिएटरांत आला, १९९६ साली त्याची निगुतीने दुरुस्त केलेली नवी प्रत निघाली. १९९२च्या कौलात चौथा, २००२मध्ये दुसरा, २०१२मध्ये पहिला. एकेका नव्या प्रतीबरोबर एकेक पायरी, असं मी म्हणणार नाही; पण दुसरी भेट घडू लागली आणि क्रमांक चढू लागला, हे डोळ्यांपुढे आहे.

फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' तर एका कारकुनी चुकीने तरला. १९४६चा हा चित्रपट थिएटरांत फारसा चालला नाही. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं. अमेरिकेतल्या लहानमोठ्या टीव्ही वाहिन्यांना तो जवळपास फुकटात दाखवता येऊ लागला, म्हणून दर नाताळात त्यांनी तो दाखवला. एक पिढी त्याच्यासोबत वाढली. 'अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट'ने १९९८ साली शंभर सर्वोत्तम अमेरिकी चित्रपटांची यादी केली, तेव्हा तो अकराव्या क्रमांकावर होता.

'द शॉशँक रिडेम्प्शन'ची कथा वाचकांना बहुधा ठाऊक असेल. १९९४ साली तिकीटबारीवर तो आपटला, ऑस्करची सात नामांकनं मिळून हाती काहीच आलं नाही. मग व्हिडिओ कॅसेट आणि 'टीएनटी' या केबल वाहिनीवरच्या सततच्या खेळांनी त्याला घराघरांत नेलं. १९९८च्या शंभरांत तो नव्हता, २००७च्या सुधारित यादीत बहात्तरावा आला, आणि 'आयएमडीबी'वर प्रेक्षकांच्या मतांनी २००८पासून तो पहिला आहे. माझं मत विचाराल तर शॉशँक उत्तम सांगितलेली गोष्ट आहे, पण पहिल्या जागेचा चित्रपट नव्हे. तो आपल्याला कुठेही अस्वस्थ ठेवून जात नाही. प्रत्येक गाठ सुटते, प्रत्येक दुष्टाला शासन होतं. त्यामुळेच तो मधूनच लावला तरी शेवटपर्यंत बघावासा वाटतो, आणि केबलच्या काळात हा मोठाच गुण होता.

'अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट'च्या या दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. नऊ वर्षांत 'व्हर्टिगो' एकसष्टावरून नवव्या स्थानी आला. जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' शहाण्णवावरून बारावा झाला. १९९८मध्ये चव्वेचाळिसावा असलेला 'द बर्थ ऑफ अ नेशन', कू क्लक्स क्लॅनचा गौरव करणारा ग्रिफिथचा मूकपट, यादीतून गेला आणि ग्रिफिथचाच 'इनटॉलरन्स' आत आला. हे बदल मला योग्य वाटतात. पण ते होऊ शकतात याचाच अर्थ असा की प्रत्येक यादी त्या वर्षाचा दस्तऐवज असते. 'साइट अँड साउंड'चा २०२२चा कौल घ्या. मत देणारे २०१२मध्ये ८४६ होते, ते १६३९ झाले आणि पहिली जागा शांताल आकेरमानच्या 'ज्यान दिएलमान'ला मिळाली. त्यावर खूप आगपाखड झाली. मतदार वाढले, जास्त देशांतून आले, की निकाल बदलणारच. १९५२च्या निवडीमागेही कुणाची तरी नजर होतीच, फक्त ती कुणाची, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

आपल्याकडेही हेच घडलं आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४चं, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८चं. मराठी रसिकांच्या एका पिढीचे 'थोर चित्रपट' कोणते, हे अशा ठिकाणच्या खेळांनी बऱ्याच अंशी ठरवलं. आजच्या पिढीचं कोण ठरवतं? घरच्या टीव्हीवर स्ट्रीमिंग मंच उघडला की 'आजचे टॉप १०' ही रांग समोर येते. ती फक्त काल काय पाहिलं गेलं ते मोजते, आणि जे त्या मंचावर नाहीच ते पाहिलं जाणार कसं? १९६०च्या आधीचा हॉलिवूडपट तिथे शोधायला बसा, हाताला फार थोडं लागतं. ज्या प्रेक्षकाला 'द सर्चर्स' कधी दिसलाच नाही, त्याने 'गॉडफादर'ला पहिला क्रमांक दिला तर त्यात निवड कुठे झाली?

म्हणून समीक्षेकडे माझं मागणं आहे. प्रदर्शनाच्या शुक्रवारी तारे देऊ नका, कारणं द्या. कुठल्या प्रसंगात चित्रपट पकडतो, कुठे सुटतो, कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा आहे, हे लिहा. आणि दहा वर्षांनी त्याच चित्रपटावर पुन्हा लिहा, त्याच ठिकाणी, तेवढ्याच जागेत. पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांना नवी परीक्षणं मिळतात, मग चित्रपटांना का नकोत? या स्तंभात तारे नसतात ते याच कारणाने, आणि पुढेही नसतील.

तरी यादी मागणाऱ्यांना रिकाम्या हाताने पाठवणार नाही. आजच्या तारखेला माझा पहिला हॉलिवूडपट बस्टर कीटनचा 'द जनरल' आहे. १९२७ साली तो पडला, आणि काही काळातच कीटनचं निर्मितीचं स्वातंत्र्यही गेलं. १९९८च्या त्या शंभरांत तो कुठेच नव्हता. २००७मध्ये एकदम अठरावा आला. ऑरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्हजवळ जळत्या पुलावरून जे रेल्वे इंजिन नदीत कोसळतं ते खरं इंजिन आहे, आणि तो प्रसंग एकदाच चित्रित करता येण्यासारखा होता. पण त्या दृश्याहून मला मोठी वाटते ती कीटनची शिस्त: पहिल्या अर्ध्या भागात तो ज्या मार्गाने शत्रूच्या मागे जातो, दुसऱ्या अर्ध्यात त्याच मार्गाने शत्रू त्याच्या मागे येतो, आणि पाण्याची टाकी, रुळांचा सांधा, लाकडाचे ओंडके, सगळं उलट क्रमाने पुन्हा भेटतं, दर वेळी नव्या विनोदासकट. संवाद नाहीत, त्यामुळे घरातल्या आजीपासून पहिलीतल्या नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बघता येतो. त्याचे हक्क कधीच संपले आहेत, त्यामुळे तो फुकट मिळतो. फक्त धूसर, कापलेल्या प्रती टाळा, दुरुस्त केलेली प्रत शोधा आणि या रविवारी लावा.