संगणक वारंवार बंद पडतो तेव्हा

हिशेबाचे काम वहीवरून संगणकावर आले, त्याला आता बराच काळ लोटला. पुष्कळ व्यापारी कुटुंबांत बिले दुकानात होतात आणि किर्द-खतावणी व जीएसटीची विवरणपत्रे रात्री घरच्या संगणकावर तयार होतात. असा संगणक काम चालू असताना अकस्मात बंद पडू लागला किंवा आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला, म्हणजे घरातील सर्वांचाच जीव टांगणीला लागतो. मग बहुधा एक ठरलेला क्रम सुरू होतो. कारागीर येतो, विंडोज नव्याने टाकतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुढे रॅम बदलली जाते, नंतर एसएमपीएस, शेवटी मदरबोर्ड. खर्च वाढत जातो, आणि मूळ दोष कोठे होता हे अखेरपर्यंत कोणालाच कळत नाही.

तेरीज जुळली नाही, तर अनुभवी मुनीम अंदाजाने आकडे बदलत नाही. फरक कोणत्या तारखेपासून पडला हे तो प्रथम पाहतो, मग एकेक खाते तपासून बाजूला ठेवतो. उरलेल्या खात्यांतच चूक असणार, हे त्याला ठाऊक असते. संगणकाचा दोषही याच रीतीने सापडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे समजत नाही.

मात्र शोधाला लागण्यापूर्वी हिशेबाची प्रत बाहेर काढून ठेवावी. ही प्रत नव्या पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर घ्यावी. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये. यामागे सबळ कारण आहे. रॅम सदोष असेल, तर संगणक केवळ बंद पडत नाही. कधीकधी तो चुकीची माहिती निमूटपणे डिस्कवर लिहून ठेवतो. अशा बिघडलेल्या प्रतीखाली मागील महिन्याची चांगली प्रत पुसली गेली, तर नुकसान भरून येत नाही. संगणकाचा प्रत्येक भाग बाजारात विकत मिळतो, वर्षाच्या नोंदी मिळत नाहीत. दोष सापडेपर्यंत नव्या नोंदी दुसऱ्या संगणकावर किंवा कागदावर करणे हेच शहाणपणाचे.

यानंतर संगणकाशेजारी एक छोटी वही ठेवावी. तो केव्हा बंद पडला, सुरू केल्यापासून किती वेळाने, त्या क्षणी काय चालू होते, पडद्यावर काही अक्षरे दिसली का, याची नोंद करावी. विंडोज गंभीर चूक झाल्यावर आपोआप रिस्टार्ट होते, त्यामुळे निळ्या पडद्यावरील मजकूर वाचण्यास सवड मिळत नाही. सिस्टिमच्या ‘ॲडव्हान्स्ड’ विभागातील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ ही खूण काढून टाकली, की तो मजकूर स्थिर राहतो आणि मोबाईलवर त्याचे छायाचित्र घेता येते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद आढळली, तर तिचा अर्थ इतकाच की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. ती नोंद वेळ सांगते, कारण सांगत नाही. ती पाहून लगेच एसएमपीएस विकत आणू नये.

आठवडाभराच्या नोंदीतून लक्षणांचे वर्ग पडतात. प्लग उपटावा तसा संगणक क्षणात विझत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा उष्णतेवर जातो. दर वेळी निराळ्या मजकुराचा निळा पडदा येत असेल, तर रॅमकडे पाहावे. फाइल उघडताना संगणक दीर्घकाळ गोठत असेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर डिस्कचा विचार प्रथम करावा.

वीजपुरवठ्याची तपासणी भिंतीपासून सुरू होते. सैल प्लग, जुने एक्स्टेन्शन बोर्ड आणि थकलेला यूपीएस ही अत्यंत सामान्य कारणे आहेत. घरगुती यूपीएसमधील १२ व्होल्टची छोटी बॅटरी काही वर्षांत क्षीण होते. मग फ्रिज किंवा मिक्सर सुरू होताच व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि यूपीएस भार पेलू शकत नाही. एक-दोन दिवस यूपीएस बाजूला करून, महत्त्वाचे काम न करता, संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडावा. त्या काळात तो सुरळीत चालला, तर केवळ बॅटरी बदलून भागण्याचा संभव आहे.

पुढचा टप्पा एसएमपीएसचा. त्यातून निघणाऱ्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असणे योग्य मानले जाते. कारागिराने मल्टिमीटर लावून हे आकडे दाखवावेत. तथापि आकडे बरोबर आले म्हणून तो निर्दोष ठरत नाही. भार वाढताच क्षणभर होणारी घसरण मल्टिमीटरला टिपता येत नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणे, हीच खरी परीक्षा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात घातक वीज साठलेली असू शकते.

संगणक सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, किंवा दुपारच्या उकाड्यातच बंद पडत असेल, तर उष्णतेकडे वळावे. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की प्रथम वेग कमी करतात; उष्णता त्याही पुढे वाढली तर बचावासाठी संगणक बंद होतो. कापड, धान्य किंवा मसाल्याच्या दुकानातील संगणकात तंतू आणि भुकटी लवकर साचते. प्लग काढून, हात धातूला लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि मऊ ब्रशने हीटसिंकच्या फटी मोकळ्या कराव्यात. हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण तो वेगाने फिरला तर खराब होऊ शकतो. सर्व पंखे फिरत असूनही तापमान उतरत नसेल, तर प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट कारागिराकडून बदलून घ्यावी.

रॅमची परीक्षा घरीच होते. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहेच. ‘मेमटेस्ट८६’ हा पेन ड्राइव्हवरून चालणारा कार्यक्रम त्याहून कसून तपासतो. तो रात्रभर चालू द्यावा. त्यात एकही चूक निघाली, तरी ती क्षम्य मानू नये. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक स्वतंत्रपणे तपासावी. एकच पट्टी निरनिराळ्या खाचांत बसवून पाहावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा, खाचेतच राहिली तर दोष मदरबोर्डचा. पुष्कळदा पट्टी काढून, तिची टोके स्वच्छ करून घट्ट बसवल्यानेच काम भागते. रॅमची परीक्षा होण्यापूर्वी विंडोज नव्याने टाकणे मात्र व्यर्थ आहे. सदोष रॅमवर टाकलेले विंडोजही सदोष होऊ शकते.

डिस्क आपल्या प्रकृतीची माहिती ‘स्मार्ट’ या नोंदींत ठेवते. त्यात बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या विभागांची संख्या वाढत असेल, तर दुरुस्तीच्या नादी न लागता नवी डिस्क घ्यावी. तत्पूर्वी तिची केबल बदलून पाहावी. ती अगदी स्वल्प किमतीत मिळते.

मदरबोर्डचा क्रम सर्वांत शेवटी. त्यावरील नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा गळलेले दिसले, तर निदान डोळ्यांनीच होते. या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डांवर असे सदोष कपॅसिटर बसवले गेले होते. अशी खूण नसताना मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला, तर आधीच्या कोणत्या परीक्षा झाल्या हे नम्रपणे विचारावे.

कारागिराला बोलावणे कमीपणाचे नाही. पण त्याच्या हाती ही वही द्यावी. कोणता भाग बदलला, का बदलला, हे बिलावर लिहून घ्यावे आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. प्रामाणिक कारागिराला यात काही गैर वाटत नाही. संगणक सुरळीत झाल्यावरही आठवडाभर त्यावर किरकोळ कामच करावे. मग जपून ठेवलेल्या प्रतीशी खात्यांच्या शिल्लका ताडून पाहाव्यात, आणि त्या जुळल्यानंतरच नव्या नोंदी चढवाव्यात.