सुपावरची लक्ष्मी
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीत बाबांनी विणलेल्या सुपांवर मी रंगांनी लक्ष्मी काढली आणि ती सुपे कोरपन्याच्या बाजारात विकली. चित्र एका कॅलेंडरवरून उतरवले होते. बाबांनी एक सूप हातात घेऊन विचारले, "कोनं काढली वं हे?" मी म्हटले, "मीच." कॅलेंडरच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही होती, ती मी तेवढी वगळली होती.

आमचे घर बुरडकामावर चालते. बांबूच्या कामट्या काढून काढून बाबांच्या बोटांना घट्टे पडले आहेत. याच वर्षी एका व्यापाऱ्याने त्यांच्या फुलांच्या परडीचे फोटो काढून नेले. काही महिन्यांनी हुबेहूब तशीच परडी शहरातील एका दुकानात मला दिसली. मी संतापले. आणि त्याच क्षणी सुपावरची लक्ष्मी आठवून मान खाली गेली. व्यापाऱ्याने केले तेच मीही केले नव्हते काय?

मग मी कायदा समजून घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ मध्ये ती वाढविण्यात आली. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, धुरंधर १९४४ मध्ये. त्यांची चित्रे आज सर्वांची आहेत. पण दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले; त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. 'मी तर हाताने काढले, छापले नाही' ही सबब विक्रीच्या मालाला चालत नाही.

माझी एक मैत्रीण म्हणते, "मोठमोठे लोक उचलतात, तिथे आपण गरिबांनीच का नियम पाळायचे?" प्रश्न खोटा नाही. २०२५ च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरविल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नाही. वास्तविक कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. परंतु आपण त्यांच्यावर रागवायचे आणि घरी येऊन कोणाची तरी सही खोडायची, हे कसे जमेल?

शिवाय उचलण्याची गरजच काय? मोकळा साठा काय थोडा आहे? रविवर्म्याच्या छापील देवींना जर, टिकल्या आणि खरे कापड लावून सजविण्याची रीत जुन्या घरांतून होती. ती आजही करता येईल. आपल्या दंडारीतील मोरपिसांचे टोप आहेत, पोळ्याचे बैल आहेत. ते आपल्या डोळ्यांनी पाहून काढावेत. त्यासाठी कॅलेंडर लागत नाही.

बाबांना मी परडीचे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वीन माही नोहे. बापानं शिकवली, त्याले त्याच्या बापानं. पन कोनाजवळून नेली, येवढं तं सांगाव लागते."

मला वाटते, सारा न्याय एवढ्यात आला. मुदत संपली की चित्र मोकळे होते. चित्रकाराचे नाव मात्र घेत राहावे. आणि जे एकाचे नाही, साऱ्या समाजाचे आहे, त्याच्याखाली त्या समाजाचे नाव असावे. कायदा सांगो वा न सांगो.

या वर्षी सुपांवर मी रविवर्म्याची लक्ष्मी काढणार आहे. खाली त्याचे नाव असेल. आणि मागे, कामट्यांवर, सूप विणणाऱ्याचे.